‘मिटलं’ म्हणालो होतो

२०१७ च्या डिसेंबरात जळगावच्या जिल्हा न्यायालयात राष्ट्रीय लोकअदालत भरली होती. आमच्या बँकेला व्हरांड्यात एक टेबल मिळालं होतं. टेबलावर थकीत खात्यांची यादी, तडजोडीचे छापील नमुने, स्टँप पॅड आणि पाण्याची बाटली. मी तेव्हा शाखेत कर्ज आणि वसुली पाहत होतो; निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. दुपारी आमच्या पिंप्राळ्यातलेच एक अप्पा समोर येऊन बसले. एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात ते मशीनवर असायचे. मध्यंतरी कारखाना आठ-नऊ महिने बंद राहिला, पगार थांबला, त्यामागे हप्ते थांबले. व्यक्तिगत कर्जाचं घेणं व्याजासकट ९१,००० वर गेलं होतं. ५५,००० वर तडजोड ठरली. बायकोची पोत मोडून आणलेले पैसे त्यांनी रुमालातून काढले, दोनदा मोजले, माझ्यापुढे सरकवले, सही केली. उठता उठता विचारलं, “साहेब, मिटलं ना आता?”

“मिटलं अप्पा. घरी जा, निवांत झोपा.”

हेच वाक्य मी त्या दिवशी वीस-बावीस जणांना म्हटलं असेल. संध्याकाळी विभागीय कार्यालयातून फोन आला, तुमच्या शाखेची वसुली चांगली झाली म्हणून. मलाही बरं वाटलं होतं.

२०१९ च्या मध्यात मी निवृत्त झालो. घर पिंप्राळ्यातच, घराला पुढे ओटा. पिंप्राळा आता जळगाव शहराचाच भाग झालाय, महापालिकेत आहे, पण ओट्यावर बसलेल्या माणसाला कागद दाखवायची गावाची सवय अजून टिकून आहे. आधी लोक पेन्शनचे फॉर्म, बँकेच्या नोटिसा, विम्याचे कागद घेऊन यायचे. लॉकडाऊननंतर त्यात एका कागदाची भर पडली. “काका, माझं सिबिल खराब दाखवतंय, जरा बघा ना.”

२०२३ च्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी अप्पा आले. सोबत मुलगी होती. तिचा नर्सिंगला नंबर लागला होता आणि शैक्षणिक कर्जाचा अर्ज बँकेनं परत केला होता. अशा कर्जात आईवडील सहकर्जदार असतात, त्यामुळे अप्पांचाही पत-अहवाल काढला गेला, आणि त्यात ती जुनी ओळ निघाली. अप्पा रागावलेले नव्हते. ते मला म्हणाले, “साहेब, तुम्ही तर म्हणाले होते, मिटलं.”

मुलगी खाली बघत होती. मी तिच्या हातातला अहवाल घेतला, चष्मा लावला, आणि मला जे दिसणार हे आधीच माहीत होतं ते दिसलं. खात्याच्या स्थितीपुढे एकच शब्द होता: ‘सेटल्ड’.

मला हे ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. दर महिन्याला शाखेची कर्जखाती वर जायची, तिथून माहिती पत-माहिती कंपन्यांकडे जायची. पूर्ण फिटलेल्या खात्याला एक संकेत, तडजोडीच्या खात्याला दुसरा, राईट-ऑफला, म्हणजे बुडीत धरलेल्या खात्याला, तिसरा. बँकेनं ३६,००० सोडून दिले होते, ते कुठेतरी लिहिलं जाणारच. पुढचा प्रत्येक कर्जदाता ती ओळ अशी वाचतो: या माणसानं घेतलेलं पूर्ण परत केलं नाही. हे मला कळत होतं. लोकअदालतीच्या टेबलावर मी ते बोललो नाही. तसं सांगितलं असतं तर दहातले चार जण उठून गेले असते, आणि त्या दिवशीचा आकडा मला हवा होता.

‘मिटणं’ हा आपला शब्द दोन्हीकडे चालतो. भांडण मिटतं, आणि पाटीवरचं अक्षरही मिटतं. अप्पांनी दोन्ही धरलं. त्यांचा दावा मिटला होता. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नसतं, बँक पुन्हा मागायला येणार नव्हती. अक्षर मात्र जागेवर होतं. पिंप्राळ्यातल्या किराणा दुकानात उधारी फेडली की दुकानदार तुमच्यासमोर वहीत त्या पानावर आडवी रेघ मारतो. ती रेघ बघूनच माणूस दुकानाची पायरी उतरतो. या वहीतली रेघ मारताना आपण तिथे नसतो.

ही वही तशी फार जुनी नाही. सिबिल ही कंपनी २००० साली निघाली. पत-माहिती कंपन्यांचा कायदा २००५ चा, अंमल २००६ च्या डिसेंबरपासून. आज अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क. लोक चौघींनाही सिबिलच म्हणतात, जसं एकेकाळी कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचे. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं प्रत्येक बँकेला आणि फायनान्स कंपनीला चारही ठिकाणी सभासद व्हायला लावलं. त्यामुळे एका ठिकाणची चूक चार ठिकाणी जाते, आणि दुरुस्त करायची तर चारही ठिकाणी झाली का ते बघावं लागतं. कर्जासाठी अमुक इतके गुण हवेतच, असं रिझर्व्ह बँकेनं कुठेही ठरवलेलं नाही. ३०० ते ९०० मधली कोणती रेषा ओढायची ते ज्याची ती बँक ठरवते.

अहवाल वाचायला शिकवावा लागतो. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण वरचा मोठा आकडा बघून घाबरलेला असतो. मी तो आकडा तळहातानं झाकतो आणि खालच्या चौकोनांवर पेन्सिल ठेवतो. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांची एक पट्टी असते, साधारण मागच्या छत्तीस महिन्यांची. एकेका महिन्याला एक चौकोन, चौकोनात तीन अक्षरं. ‘०००’ म्हणजे हप्ता वेळेवर. ‘०३०’ म्हणजे तीस दिवस थकलेला. पुढे ०६०, मग ०९०. तिथे खातं अनुत्पादक होतं, बँकेच्या भाषेत एनपीए. ‘एक्सएक्सएक्स’ दिसलं की लोक दचकतात. त्याचा अर्थ एवढाच, की त्या महिन्याची माहिती कर्जदात्यानं पाठवलीच नाही. अप्पांच्या पट्टीवर पेन्सिल उजवीकडून डावीकडे सरकवत गेलो तर आधी सलग ०००, मग ०३०, ०६०, ०९०, पुढे वाढतच गेलेले आकडे. कारखाना ज्या महिन्यात बंद पडला तो महिना मला त्या पट्टीत बोटानं दाखवता आला. अप्पा म्हणाले, “याच महिन्यात धाकटीला टायफॉइड झाला होता.” ते त्या चौकोनात लिहिलेलं नव्हतं.

अप्पा कोण, हे पिंप्राळ्यात कोणी मला सांगायची गरज नाही. आषाढी एकादशीला आमच्याकडे रथ निघतो. एवढं मोठं धूड वळवायचं आणि थांबवायचं ते चाकाखाली लाकडी मोगरी लावून. मोगरी लावणारा चाकाच्या अगदी जवळ, वाकून चालतो. सगळं गाव रथ ओढत असतं आणि त्या चार हातांवर विसंबून असतं. अप्पा त्या चार हातांतले एक. त्यांच्या मुलीला शिकायला कर्ज मिळत नव्हतं, आणि त्या नकारातली एक ओळ मी भरलेली होती.

मार्ग होता. तडजोडीत बँकेनं सोडलेली रक्कम कर्जदारानं नंतर स्वखुशीनं भरली, तर खातं पूर्ण फिटलं असं दाखवता येतं. अप्पांसाठी ही रक्कम ३६,००० होती. सहा वर्षांपूर्वी माफ झालेले पैसे पुन्हा भरायचे, हे त्यांना कसं पटवावं याची मला चिंता होती. ते म्हणाले, “घेतले होते ना आपण. भरतो.” विषय संपला.

अडचण पैसे भरण्यातच आली. मी त्यांना घेऊन शाखेत गेलो. काउंटरवरचा मुलगा चांगला होता, पण त्याच्या संगणकात ते खातं बंद होतं. बंद खात्यात पैसे घेताच येत नाहीत. “काका, जमा कुठे करू?” हा त्याचा प्रश्न खरा होता. राईट-ऑफ खात्यांतल्या वसुलीचं शीर्षक वेगळं असतं आणि त्यासाठी वरून परवानगी लागते, हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. आम्ही अर्ज लिहिला. अर्जात तीनच गोष्टी: जुना खाते क्रमांक आणि लोकअदालतीच्या निवाड्याची तारीख, सोडलेली रक्कम भरायची तयारी, आणि भरल्यावर खातं ‘क्लोज्ड’ दाखवून चारही पत-कंपन्यांना कळवावं व तसं पत्र द्यावं ही विनंती. दोन प्रती. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घेतल्याशिवाय मी अप्पांना काउंटरवरून हलू दिलं नाही. चाळीस वर्षं बँकेत काढल्यावर मी खात्रीनं सांगतो, की शिक्का नसलेला अर्ज कोणी शोधत नाही.

परवानगी यायला सात आठवडे लागले. मधल्या काळात प्रवेशाची मुदत टळू नये म्हणून पहिल्या वर्षाची फी अप्पांच्या भावानं आणि दोन मेव्हण्यांनी मिळून भरली. मी एक कात्रणही दुसऱ्या बँकेच्या साहेबांना नेऊन दाखवलं होतं. २०२३ च्याच मे महिन्यात केरळ उच्च न्यायालयानं म्हटलं होतं, की विद्यार्थ्याचा सिबिल कमी आहे एवढ्यावरून शैक्षणिक कर्ज नाकारू नये. साहेबांनी ते शांतपणे वाचलं आणि म्हणाले, हा दुसऱ्या राज्याचा निकाल, आणि यात प्रश्न विद्यार्थ्याच्या सिबिलचा आहे, वडिलांच्या नाही. त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. त्यांच्या खुर्चीत मी बसलो असतो तर मीही तेच म्हटलं असतं, आणि हे त्या दिवशी घरी येताना फार टोचलं.

अप्पांच्या प्रकरणानंतर दुसरं प्रकरण आलं, ते मात्र निराळं. ते आठवलं की मला अजून चीड येते.

डाळमिलमध्ये हमाली करणारा एक गृहस्थ. त्यानं आयुष्यात एकदाच कर्ज घेतलं होतं, दुचाकीचं, आणि ते वेळेत फेडलं होतं. घराच्या पत्र्यांसाठी दीड लाख हवे होते. बँकेनं सांगितलं, तुमच्यावर ट्रॅक्टरचं कर्ज आहे, साडेतीन लाख थकलेत. “काका, माझ्याकडे सायकल आहे. ट्रॅक्टर कुठून आणू?”

मी अहवाल बघितला. नाव तेच, वडिलांचं नाव तेच, आडनाव खानदेशात घरटी असतं तेच, आणि जन्मतारीख १ जून. माझ्या वयाच्या आणि पुढच्या पिढीच्या वाचकांना इथेच सगळं कळलं असेल. शाळेत नाव घालताना हेडमास्तर विचारायचे, पोरगं कधीचं? आई सांगायची, पोळ्याच्या आदल्या दिवशीचं, किंवा दुष्काळ पडला त्या सालचं. शाळा जूनमध्ये उघडायची, वयाचा हिशेब बसायला हवा, म्हणून हेडमास्तर १ जून लिहून मोकळे व्हायचे. निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी. पुढे त्याच तारखेवरून आधार निघालं, पॅन निघालं, मतदार ओळखपत्र निघालं. आता पत-कंपनीचा संगणक माणूस ओळखतो तो नाव, जन्मतारीख, पॅन, ओळखपत्र आणि पत्ता जुळवून. दुसऱ्या तालुक्यातल्या त्या ट्रॅक्टरवाल्यानं कर्ज घेताना पॅन दिलेला नसावा. उरलेलं सगळं जुळलं आणि दोन माणसांचा एक माणूस झाला.

हे २०२४ च्या जूनमधलं. तोवर एक चांगली गोष्ट झाली होती. रिझर्व्ह बँकेनं २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये परिपत्रक काढलं होतं आणि ते २६ एप्रिल २०२४ पासून लागू झालं होतं. तक्रार केल्यापासून तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची. त्या तीसांपैकी एकवीस दिवस कर्जदात्याचे. तेवढ्यात त्यानं उत्तर दिलं नाही तर भरपाई त्यानं द्यायची. उत्तर वेळेत आलं आणि पत-कंपनीनंच पुढे उशीर केला तर तिनं. आम्ही तक्रार ऑनलाईन घातली, पॅन आणि आधार जोडलं, दुचाकीच्या कर्जाचं नो ड्यूज प्रमाणपत्र जोडलं, आणि फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला वेगळं पत्र लिहिलं. पत्रात मी एक ओळ घातली: कर्जाच्या करारावरची सही आणि फोटो कृपया माझ्या सही-फोटोशी ताडून पाहावा. विसाव्या दिवशी उत्तर आलं, नोंद बरोबर आहे. ताडून पाहिल्याचं त्यात कुठेच नव्हतं. आम्ही पुन्हा लिहिलं, या वेळी शेवटी नमूद केलं, की समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. १ सप्टेंबर २०२२ पासून पत-कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. एक्केचाळिसाव्या दिवशी ट्रॅक्टर त्याच्या नावावरून उतरला. अकरा दिवसांचे १,१०० रुपये त्याच्या बँक खात्यात जमा झाले. तो पासबुक छापून घेऊन आला. रकमेच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, “काका, हे त्यांनी चूक मान्य केल्याचे ना?” मी म्हटलं, हो. त्याला पत्र्यांच्या कर्जाइतकंच हेही हवं होतं.

बाकी प्रकरणं इतकी मोठी नसतात. एक गुरुजी मेव्हण्याला जामीन राहिले होते आणि जामीन म्हणजे ओळख असं समजत होते. करार कायद्याच्या १२८ व्या कलमानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि अहवालातही ते कर्ज त्यांच्या पानावर दिसतं. त्यांनी मेव्हण्याचे तीन हप्ते स्वतः भरले, वर्षभर घरात अबोला होता. शेतकरी येतात ते कर्जमाफीचे. २०१७ ची दीड लाखापर्यंतची आणि २०१९ ची दोन लाखांपर्यंतची अशा दोन योजना आल्या, त्यामुळे तिसरीची वाट बघत पीककर्जाचं नूतनीकरण लांबवायची सवय लागली. वाट बघण्यात खातं थकीत होतं. पीककर्जाला सिबिल मागू नका, असं मुख्यमंत्र्यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावलं आहे. तरी त्याच शेतकऱ्याला पोराच्या दुचाकीसाठी कर्ज हवं असेल तर ती ओळ आडवी येतेच.

तरुण मुलांबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. पिंप्राळ्याकडे येणाऱ्या रस्त्याला विजेच्या खांबांवर कागद चिकटवलेले असतात: सिबिल दुरुस्ती, सात दिवसांत साडेसातशेच्या वर. एका मुलानं त्यापायी ६,००० दिले. त्या माणसानं याच्या मोबाईलवरचे ओटीपी घेतले, अहवालातल्या सरसकट सगळ्या ओळींवर हरकत घातली, खऱ्या आणि खोट्या दोन्ही. कर्जदात्यांनी कळवलं, नोंदी बरोबर आहेत. झालं. पत-कंपनी स्वतः होऊन काही बदलत नाही. कर्जदात्यानं मान्य केलं तरच ओळ बदलते. हे काम पैसे देऊन कोणाकडून होत नाही, आणि स्वतः केलं तर तक्रारीला एक रुपयाही लागत नाही. २०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवालही फुकट मिळतो.

त्या मुलाचा खरा घोटाळा २,३०० रुपयांचा होता. दुकानातून हप्त्यावर मोबाईल घेतला होता. नोकरी बदलली, पगाराचं खातं बदललं, जुन्या खात्यात शिल्लक राहिली नाही आणि शेवटचे दोन हप्ते बाउन्स झाले. त्याला वाटलं, फोन तर आपला झाला. नंतर कर्ज नाकारलं म्हणून घाबरून त्यानं एका आठवड्यात पाच ठिकाणी मोबाईलवरूनच अर्ज केले. प्रत्येक अर्जागणिक अहवालात एक चौकशी वाढली, आणि पाच चौकशा बघून सहावा कर्जदाता आणखी सावध झाला. मी त्याला तीन कामं सांगितली. दंडासह काय निघतं ते लेखी मागून भर. नो ड्यूज घे. आणि वर्षभर कुठेही अर्ज करू नकोस. तिसरं त्याला सगळ्यात जड गेलं. वर्षानं तो आला तेव्हा पट्टीतले नवे चौकोन भरले होते, जुने दोन मागे सरकले होते, आकडा ६२० वरून ७०० च्या वर गेला होता. त्यात माझी काही करामत नाही, वेळेनं केलं ते. १ जानेवारी २०२५ पासून कर्जदात्यांना महिन्याऐवजी दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवणं सक्तीचं झालं, त्यामुळे भरलेलं आता लवकर दिसतं, आणि चुकवलेलंही.

अप्पांकडे परत येतो.

ऑक्टोबरमध्ये परवानगी आली. अप्पांनी ३६,००० भरले. या वेळी दिवाळीचा बोनस आधीच उचलला होता. पावती मिळाली, बारा दिवसांनी पत्रही. जानेवारीत अहवाल काढला तर तिघींकडे ‘क्लोज्ड’ झालं होतं आणि चौथीकडे अजून ‘सेटल्ड’. शाखेला पुन्हा अर्ज, पुन्हा शिक्का. मार्चमध्ये तेही झालं. मागचे थकलेले चौकोन तसेच राहिले, ते खरेच होते; ते कोणी पुसत नाही आणि पुसूही नयेत. अशा नोंदी पत-कंपनीला किमान सात वर्षं ठेवाव्या लागतात. पण ज्या शब्दापाशी प्रत्येक बँक थांबत होती तो गेला. दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी मुलीचं कर्ज मंजूर झालं. मंजुरीचं पत्र घेऊन अप्पा आले, ओट्यावर बसले, चहा झाला. जाताना त्यांनी या वेळी मला काही विचारलं नाही.

मला मात्र त्या दिवसाची यादी आठवत राहते. वीस-बावीस जण होते. त्यांतले पाच मी नंतर शोधून काढले, त्यांना अहवाल काढून दाखवला. दोघांनी उरलेली रक्कम भरली. एक बाई म्हणाल्या, आता मला कोणाचं कर्ज नको, राहू दे तसंच. तो त्यांचा निर्णय, पण निदान तो माहिती असताना घेतलेला. बाकीच्यांचे पत्ते माझ्याजवळ नाहीत आणि बँकेचे कागद घरी आणायची पद्धत नाही.

तडजोड वाईट, असं मी म्हणत नाही. ज्याच्याकडे खरोखर नाही त्याच्यासाठी ती सुटका असते, आणि लोकअदालतीत कित्येक घरांवरचं ओझं उतरताना मी पाहिलं आहे. जून २०२३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनंही तडजोडीची चौकट घालून दिली आहे. शेतीकर्ज सोडून इतर कर्जांत, तडजोड केलेल्या माणसाला त्या संस्थेनं किमान बारा महिने नवं कर्ज देऊ नये, असं तिथे स्पष्ट आहे. पण हे परिपत्रक बँकांसाठी असतं. टेबलासमोर रुमाल सोडणाऱ्या माणसापर्यंत ते पोचत नाही, कारण तिथे त्याच्याशी बोलणारा एकटा वसुली अधिकारी असतो.

म्हणून आज वसुलीच्या टेबलावर बसणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना हात जोडून एक विनंती आहे. तडजोडीच्या छापील नमुन्यावर, सहीच्या जागेच्या बरोबर वर, मराठीत दोन वाक्यं छापून घ्या. छापून मिळत नसतील तर हातानं लिहा आणि सही घेण्याआधी वाचून दाखवा: ‘या तडजोडीची नोंद तुमच्या पत-अहवालात ‘सेटल्ड’ अशी होईल आणि पुढे कर्ज मिळायला अडचण येऊ शकते. सोडलेली रक्कम नंतर भरायची असेल तर शाखेत लेखी अर्ज करून ती भरता येईल.’